परदेशी नवरा किंवा बायको असेल आणि भारतात राहायचं ठरलं असेल तर: लग्नाच्या नोटिशीपासून ओसीआय कार्डापर्यंत

माझा नवरा जर्मन आहे आणि आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे ओळखीत कुणाचं परदेशी माणसाशी जमलं की फोन मला येतो. प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्यापैकी एक जण भारतीय नागरिक आहे, दुसरा परदेशी, आणि संसार महाराष्ट्रात करायचाय. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, चीन इथल्या नागरिकांसाठी नियम बरेच वेगळे आहेत, त्यांनी यावर विसंबून राहू नका.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. परदेशी जोडीदाराला शेवटी जे हवं असतं ते म्हणजे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, कारण ते मिळालं की व्हिसाची कटकट संपते, नोकरी करता येते, कितीही वर्षं राहता येतं. आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये लिहिलंय की लग्न नोंदवलेलं असलं पाहिजे आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असलं पाहिजे. नोंदवलेलं हा शब्द महत्त्वाचा. हॉलमध्ये दणक्यात लग्न झालं, पाचशे पानं उठली, अल्बम आला, आणि नोंदणी "करू निवांत" म्हणून वर्षभर राहिली तर ते वर्ष फुकट गेलं असं धरून चाला. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी नोंदणी, मग बाकीचे सोहळे. निदान दोन्ही एकाच महिन्यात उरका.

लग्न कुठल्या कायद्याखाली

दोघंही हिंदू असाल, म्हणजे समजा मुलगा न्यू जर्सीत वाढलेला मराठी आहे आणि फक्त पासपोर्ट अमेरिकन आहे, तर हिंदू विवाह कायदा चालतो. पण जोडीदार ख्रिश्चन आहे, कुठलाच धर्म मानत नाही, ज्यू आहे, तर सप्तपदी घातली म्हणून तो कायदा लागू होत नाही. मग कुणीतरी काका सुचवतात की धर्मांतराचं सर्टिफिकेट घेऊन टाका, एका दिवसात काम होतं. मनापासून करायचं असेल तर तो तुमचा प्रश्न, पण केवळ कागदासाठी हे करू नका, पुढे व्हिसाच्या वेळी धर्म, नाव, तारखा सगळ्याचा मेळ घालत बसावं लागतं. सरळ रस्ता विशेष विवाह कायदा १९५४. स्पेशल मॅरेज म्हटलं की ऑफिसात सगळ्यांना कळतं.

त्याची पद्धत अशी. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. म्हणजे मुलगी पुण्याची असेल तर पुण्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते, परदेशी माणसाने तिथे महिनाभर राहिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. नोटीस बोर्डावर लागते, ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, कुणाची हरकत आली नाही की लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा विमानाची तिकिटं काढताना हे गणित आधी मांडा. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रासकट. दोन नाही, तीन, आणि तिसऱ्यासाठी ऐनवेळी पार्किंगमधून कुणाला तरी पकडून आणायची वेळ येऊ देऊ नका.

महाराष्ट्रात नोटीस ऑनलाइन भरायची सोय नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर आहे, पण परदेशी जोडीदाराकडे आधार नसतं आणि तिथे गाडी अडू शकते, म्हणून आधी ऑफिसात जाऊन तिथल्या माणसाला विचारून या की परदेशी नागरिक असेल तर काय काय लागतं आणि कुठल्या दिवशी दोघांनी यायचं. यादी लिहून घ्या, शक्यतो त्यांनाच कागदावर लिहून द्यायला सांगा. एजंट बाहेर उभे असतातच, त्यातले काही कामाचे असतात, पण नियम त्यांच्याकडून नाही, खिडकीतून कळलेला खरा.

लग्न आधीच विधी करून झालं असेल तरी याच कायद्याच्या कलम १५ खाली नोंदणी करता येते, तिथेही ३० दिवसांची नोटीस असते. गोव्यात मात्र नागरी कायदाच वेगळा आहे, तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं आणि दोन टप्प्यांत सह्या होतात, त्यामुळे पुण्या-मुंबईची माहिती तिथे वापरू नका.

तिकडून काय आणायचं

परदेशी जोडीदाराने घरून निघण्याआधी तीन गोष्टी गोळा करायच्या: जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचा कागद, आणि आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. अंतिम म्हणजे खरंच अंतिम. इंग्लंडमध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो आणि पहिल्या टप्प्याचा कागद हातात घेऊन आलेले लोक आहेत, तो इथे उपयोगाचा नाही.

अविवाहित असल्याचा कागद प्रत्येक देशाचा वेगळा असतो आणि हाच भाग सगळ्यात जास्त वेळ खातो. जर्मनीत तो तिथल्या श्टांडेसआम्टकडून, म्हणजे जन्म-लग्नाच्या नोंदणी कार्यालयाकडून मिळतो, त्यासाठी तुमचे भारतीय कागदही त्यांना आधी द्यावे लागतात आणि तो सहा महिनेच चालतो. अमेरिकेत असा सरकारी दाखलाच नाही, तिथले नागरिक इथल्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन शपथेवर प्रतिज्ञापत्र करतात. म्हणून "सिंगल स्टेटस सर्टिफिकेट आणा" असा निरोप पाठवून गप्प बसू नका, त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाच्या साइटवर लग्नाविषयीचं पान असतं ते दोघांनी एकत्र वाचा.

हे सगळे कागद अपोस्टिल करून आणायचे. अपोस्टिल म्हणजे त्या देशाच्या सरकारचा शिक्का की हा कागद खरा आहे. एकमेकांचं अपोस्टिल मानायचं असा देशांमधला करार आहे, भारत त्यात २००५ पासून आहे, कॅनडा मात्र २०२४ च्या जानेवारीत आला, त्यामुळे कॅनडाविषयीची जुनी माहिती कुणी सांगितली तर ती बदललीय. आणि अपोस्टिल ज्या देशाचा कागद त्याच देशात होतं. माणूस पुण्यात पोचल्यावर मुंबईत जाऊन फ्रेंच दाखल्यावर भारताचं अपोस्टिल मिळत नाही, हे लोकांना खरंच माहीत नसतं. कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर, आणि मूळ कागदासोबत ते टाचलेलं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुमचं भारतातलं लग्नाचं सर्टिफिकेट त्याच्या किंवा तिच्या देशात दाखवायचं असेल तर महाराष्ट्रात आधी राज्य सरकारकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम असतो. जर्मनी मात्र भारताचं अपोस्टिल मानत नाही, तिथे दूतावासाकडून कागदांची वेगळी तपासणी होते आणि तिला महिने लागतात. जर्मन जोडीदार असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

नावं

या विषयावर मी जरा जास्त लिहिणारे, कारण नव्वद टक्के डोकेदुखी इथून सुरू होते.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. फॉर्मवर तीन चौकटी असतात आणि समोरच्या परदेशी माणसाला मधलं नाव नसतं, किंवा दोन-दोन मधली नावं असतात ज्यांचा वडिलांशी काही संबंध नसतो. क्लार्क सवयीने मधल्या चौकटीत वडिलांचं नाव टाकतो. झालं, आता सर्टिफिकेटवर असा माणूस तयार झाला जो कुठल्याच पासपोर्टवर नाही. पोलिश बायको असेल तर आणखी एक गंमत होते, तिकडे वडिलांचं आडनाव कोवाल्स्की आणि मुलीचं कोवाल्स्का असतं, दोन्ही बरोबर असतं, पण इथे टाइप करणाऱ्याला वाटतं स्पेलिंग चुकलं आणि तो चांगल्या मनाने दुरुस्त करतो. जर्मन नावात यू वर दोन टिंबं असतील तर पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी यंत्रासाठी असतात तिथे ते यू आणि ई असं छापलेलं असतं. मग ऑनलाइन फॉर्ममध्ये काय लिहायचं? त्या तळाच्या ओळीत जसं आहे तसं, आणि सगळीकडे तसंच.

म्हणून लग्नाच्या दिवशी प्रिंट काढण्याआधी ड्राफ्ट मागा. पासपोर्ट उघडा ठेवा आणि एकेक अक्षर बोटाने वाचा, स्क्रीनवर नाही, कागदावर. इंग्रजी नाव, देवनागरी नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट नंबर. जन्मतारखेत अमेरिकन लोक महिना आधी लिहितात, ०४/०७ म्हणजे त्यांच्या मते एप्रिल आणि आपल्या मते जुलै, तेव्हा महिना अक्षरात लिहायला सांगा. मागे लोक खोळंबलेत, साहेब घाई करतायत, आई फोटोसाठी हाका मारतेय, तरी हे वाचन सोडू नका. सही झाल्यावर दुरुस्ती म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा चकरा.

मुलगी भारतीय असेल तर दुसरा प्रश्न येतो, लग्नानंतर नाव बदलायचं का. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची पद्धत आहे, म्हणजे एका झटक्यात आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, डिग्री सगळ्यांची फारकत. माझं मत स्पष्ट आहे, ओसीआय हातात येईपर्यंत नाव बदलू नका. कायद्याने बदलावंच लागतं असं अजिबात नाही. घरी तुम्हाला हव्या त्या नावाने हाक मारू द्या, कागदावर राहू दे तसंच.

एक मात्र लगेच करा. भारतीय जोडीदाराने पासपोर्ट रीइश्यू करून त्यात जोडीदाराचं नाव टाकून घ्यायचं. लग्नाचं सर्टिफिकेट हातात आलं की पासपोर्ट सेवेची अपॉइंटमेंट. ओसीआयच्या वेळी हा पासपोर्ट मागतात, आणि तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आधीच झालेलं बरं.

व्हिसा: टुरिस्टवरून एक्स-२

लग्न करायला टुरिस्ट व्हिसावर आलेलं चालतं. प्रश्न पुढचा असतो. टुरिस्ट व्हिसाची मुदत संपत आली की काय करायचं? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे परत आपल्या देशात जाऊन तिथल्या भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा घ्यायचा, ज्याला एक्स-२ म्हणतात, भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठीचा. दुसरा म्हणजे इथेच राहून इ-एफआरआरओ पोर्टलवरून (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) टुरिस्टचा एक्स-२ करून घ्यायचा. नियमात याला वाव आहे, पण मेख अशी की टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन काढलेला इ-व्हिसा असेल तर त्याच्या पानावरच लिहिलेलं असतं की तो वाढवता किंवा बदलता येत नाही. म्हणून लग्नासाठी येणाऱ्याने शक्य असेल तर दूतावासातून पासपोर्टवर चिकटवलेला नेहमीचा व्हिसा घेऊनच यावं. चार पैसे आणि थोडा वेळ जास्त जातो, जाऊ दे.

इ-एफआरआरओ २०१८ पासून सुरू आहे, त्याआधी लोक मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या मागच्या त्या ऑफिसात तासन् तास बसायचे. आता बहुतेक सगळं घरून होतं. खातं उघडायचं, फॉर्म भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, पैसे भरायचे, मग मेलवर काय कमी आहे ते येतं, शेवटी परवानगीचा कागदही मेलवरच येतो. त्यांना अजून काही विचारायचं असेल तर बोलावून घेतात. लागतं ते साधारण असं: पासपोर्ट आणि व्हिसा, लग्नाचं सर्टिफिकेट, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र, भारतीय जोडीदाराने लिहून दिलेलं हमीपत्र, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस कुठे उतरलाय त्याची नोंद.

सी फॉर्म फक्त हॉटेलांसाठी असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, परदेशी माणूस तुमच्या घरी उतरला तरी २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा असतो, मग तो जावई का असेना. घरमालकाच्या किंवा आईवडिलांच्या नावाने पोर्टलवर खातं उघडून ठेवा म्हणजे विमानतळावरून आल्या आल्या भरता येतो.

पत्त्याच्या पुराव्याचं सांगते. भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेलाच हवा, महाराष्ट्रात तो कायद्यानेच सक्तीचा आहे, नोटरीवाला चालवून घेतील ही आशा नको. आणि करारात दोघांची नावं घाला. एजंट म्हणेल एकाचंच पुरे, मॅडम. पुरे नाही. दोघं एका छताखाली राहता याचा पहिला लेखी पुरावा तोच असतो. स्वतःचं घर असेल तर लाइटचं बिल आणि सोसायटीचं पत्र, सेक्रेटरींना आधी भेटून समजावून सांगा, त्यांनाही असं पत्र पहिल्यांदाच लिहायचं असतं.

मग पोलिस घरी येतात. घाबरण्यासारखं यात काही नाही, लग्न खरं आहे का आणि दोघं एकत्र राहता का हे बघणं हा त्या प्रक्रियेचाच भाग आहे. आमच्याकडे साध्या कपड्यातले हवालदार आले होते, आधी खाली वॉचमनला विचारलं, मग शेजारच्या काकूंना, मग घरात येऊन पासपोर्टचे झेरॉक्स घेतले आणि लग्नाचे फोटो बघितले. नवऱ्याला त्यांनी विचारलं जेवायला काय आवडतं, तो मराठीत म्हणाला पिठलं भाकरी, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. घरात दोघांचे कपडे, दोघांच्या नावाची पत्रं, लग्नाचे आणि घरच्या कार्यक्रमांचे फोटो असतातच, ते एका फाइलमध्ये हाताशी ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की कुणीतरी विचारायला येईल, नाहीतर भले लोक उगाच "आम्हाला काही माहीत नाही" म्हणून मोकळे होतात आणि अहवाल लांबतो.

परदेशातून थेट एक्स-२ घेऊन आलात आणि व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, तीही इ-एफआरआरओवरच. व्हिसावर काय छापलंय ते नीट वाचा, काही व्हिसांवर वेगळी सूचना असते.

मुदतीच्या बाबतीत आता फार सांभाळा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झालाय, जुना १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट गेला. व्हिसा संपल्यावर थांबून राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "आपलं लग्न झालंय, काय करणारेत" हा विचार सोडा. व्हिसा संपायच्या निदान दीड-दोन महिने आधी अर्ज गेलेला असू दे, आणि अर्ज चालू असताना परदेशी जायचा बेत असेल तर आधी विचारून घ्या.

नोकरीचं: एक्स-२ वर काम करता येतं असं गृहीत धरून चालू नका. ऑफर लेटर आलं तर रुजू होण्याआधी एफआरआरओकडून लेखी घ्या. घरून तिकडच्या कंपनीचं काम करणाऱ्यांनी एखाद्या सीएला करही विचारून ठेवावा. बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहणं झालं की परदेशी नागरिकालाही आधार काढता येतं, आणि ते झालं की गॅस, सिम, बँक ही बारीकसारीक कामं बरीच हलकी होतात.

ओसीआय

नोंदणीला दोन वर्षं पूर्ण झाली की अर्ज. इथूनच करायचा असेल तर टुरिस्ट व्हिसावर असताना करता येत नाही, एक्स-२ सारखा व्हिसा हवा, आणखी एक कारण की आधीची पायरी नीट करायची. परदेशी जोडीदाराचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही, हे आधीच तपासा. भारतात भरायची फी १५,००० रुपये आहे.

फॉर्मचे दोन भाग असतात, अ आणि ब, दुसऱ्यात कागद चढवायचे. फोटो चौरस लागतो आणि मागची बाजू पांढरी नको, फिकट रंगाची हवी, स्टुडिओवाल्याला आधी सांगा कारण तो सवयीने पासपोर्टचा पांढरा काढून देतो. सही चौकटीत बसली पाहिजे. स्कॅन सरळ, कडा न कापलेले, मोबाइलने घाईत काढलेले पिवळट फोटो नकोत, अर्ज परत यायचं हे अगदी नेहमीचं कारण. लग्नाच्या आधारावरच्या अर्जात सुरक्षा तपासणी असते आणि पुन्हा एकदा घरी चौकशी होते, मुलाखतही होऊ शकते, त्यामुळे आजी-आजोबांच्या आधारावर ओसीआय मिळवणाऱ्या चुलतभावाला महिन्याभरात कार्ड मिळालं म्हणून तुमच्या तारखा त्याच्याशी जुळवू नका. तोपर्यंत एक्स-२ ची मुदत चालू राहील हे बघत राहा, दोन्ही घड्याळं वेगळी आहेत.

कार्ड आल्यावर काय मिळत नाही तेही सांगते. मतदान नाही. शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, तेव्हा सासऱ्यांना मुळशीत जावयाच्या नावाने जमीन घ्यायची हौस असेल तर सातबाऱ्यावर नाव चढवायचा बेत आधीच थांबवा. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण यासाठी वेगळी परवानगी लागते. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं, आणि हे दोघांनाही लग्नाआधी माहीत असायला हवं, विशेषतः ज्याने आपला देश सोडून इथे यायचं ठरवलंय त्याला. त्याच्या बाजूने विचार करून बघा, त्याचा इथला राहण्याचा हक्क तुमच्या नात्यावर उभा आहे.

नागरिकत्व घ्यायचं असेल तर भारतीयाशी लग्न झालेल्याने अर्जाआधी सात वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे आपला पासपोर्ट सोडावा लागतो. बहुतेक जोडपी ओसीआयवरच थांबतात आणि मला ते बरोबर वाटतं.

आणि कार्ड आलं की फाइल माळ्यावर टाकू नका. लग्नाच्या आधारावर ओसीआय असणाऱ्याने दर वेळी नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांच्या आत नव्या पासपोर्टची प्रत, ताजा फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं घोषणापत्र पोर्टलवर चढवायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पासपोर्टची मुदत कधी संपते ती तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.